हातातला फिस्टुला आणि उरलेली किडनी

१. घरातला प्रश्न

डायलिसिस अजून सुरू झालेलं नसतं, पण दर तपासणीत क्रिएटिनिन थोडं थोडं चढत असतं, आणि एके दिवशी किडनीचे डॉक्टर म्हणतात, "आता हाताला फिस्टुला करून घ्या." त्या संध्याकाळी घरात कुणीतरी हमखास विचारतं, "हे ऑपरेशन केलं तर जी काही पंधरा टक्के किडनी उरली आहे, तीही जायची नाही ना?" या भीतीला दोन आधार असतात. पहिला अनुभवाचा: नात्यातल्या किंवा शेजारच्या कुणाचा तरी फिस्टुला झाला आणि चार महिन्यांत तो माणूस मशीनवर गेला. दुसरा तर्काचा: हाताकडे जास्त रक्त वळवलं, तर किडनीच्या वाट्याचं रक्त कमी होणारच. पहिला आधार कच्चा आहे, तो का ते पुढे पाहू. दुसरा मात्र वैद्यकशास्त्रानेही गंभीरपणे घेतलेला आहे. रक्त खरोखरच वळतं, दाब बदलतो, संप्रेरकांचं गणित हलतं आणि किडनीला त्याची खबर लागते. तरीही मनगटातल्या नेहमीच्या फिस्टुलामुळे उरलेली किडनी लवकर जाते, असा पुरावा नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते या प्रकरणात पाहायचं आहे. त्याची किल्ली "किती रक्त वळलं" या मोजमापात आहे.

२. दोन नळ्यांचा सांधा

डायलिसिसच्या मशीनला मिनिटाला साधारण २५० ते ३५० मिलिलिटर रक्त लागतं, तेही सलग चार तास आणि आठवड्यातून दोन-तीनदा. हातावर दिसणाऱ्या निळसर शिरेत सुई घालणं सोपं, पण तिच्यातून एवढं रक्त येत नाही. धमनीत जोर भरपूर, पण ती खोल असते आणि तिला वारंवार टोचणं धोक्याचं. विलेम कोल्फ यांनी नेदरलँड्समधल्या कांपेन गावी १९४३ मध्ये कृत्रिम किडनी चालवून दाखवली, तेव्हापासून ही अडचण वाटेत उभी होती. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी धमनी आणि शीर यांत टेफ्लॉनच्या नळ्या बसवून त्या त्वचेबाहेर जोडून ठेवल्या. त्यामुळे तोच रुग्ण पुन्हा पुन्हा मशीनला जोडता येऊ लागला, पण नळ्यांत गाठी होत, जंतुसंसर्ग होई. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात बाहेरची नळी वगळून मनगटापाशी धमनी आणि शेजारची शीर थेट एकमेकींना शिवण्यात आल्या. ब्रेशिया, सिमिनो, अॅपेल आणि हर्विच यांनी १९६६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आज जगभर हाच फिस्टुला पहिल्या पसंतीचा मानतात.

धमनीचा जोर लागल्यावर शिरेची भिंत जाड होते, ती फुगते आणि काही आठवड्यांत सुई झेलण्याजोगी होते. मनगटाच्या धमनीतून आधी मिनिटाला वीस-तीस मिलिलिटर रक्त वाहत असतं. ऑपरेशननंतर ते लगेच काही पट होतं आणि दीड-दोन महिन्यांत सहाशे मिलिलिटर किंवा त्याहून जास्त होऊ शकतं. बोट ठेवलं की त्वचेखाली सततची थरथर लागते, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यावर लागते तशी, आणि कान लावला तर घूं-घूं ऐकू येतं. रुग्ण रोज सकाळी ही थरथर पाहतात, कारण ती थांबली तर फिस्टुला बंद पडला असं समजायचं.

३. पाट, वाफे आणि मध्येच काढलेली वाट

आता रक्ताभिसरणाकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहू. हृदय म्हणजे पंप, मोठ्या धमन्या म्हणजे पाट, लहान धमन्या म्हणजे चाऱ्या, आणि अवयवांतल्या केसासारख्या बारीक वाहिन्या म्हणजे वाफे. पाणी वाफ्यांत जिरून पलीकडच्या ओढ्याला लागतं आणि ओढ्यातून पुन्हा पंपाकडे येतं. हा ओढा म्हणजे शिरा. चाऱ्यांची तोंडं अरुंद असतात म्हणूनच पाटात पाणी तुंबून राहतं आणि टेलच्या वाफ्यापर्यंत पोहोचतं. शरीरात या तुंबण्याला रक्तदाब म्हणतात. फिस्टुला करणं म्हणजे पाटाच्या कडेला एक वाट फोडून पाणी कुठल्याही वाफ्यात न जिरवता सरळ ओढ्याला सोडणं.

आकड्यांत मांडू. विश्रांतीत हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त ढकलतं आणि धमन्यांतला सरासरी दाब १०० आहे असं धरू. नव्या वाटेने त्याच दाबाला मिनिटाला एक लिटर रक्त निघून जातं. आता दाब १०० वर ठेवायचा तर अवयवांचे पाच आणि वाटेचा एक, असे सहा लिटर लागतील. हृदयाने हट्टाने पाचच लिटर दिले, तर दाब सहाला पाच या प्रमाणात उतरेल, म्हणजे ८३ वर येईल, आणि किडनीसकट प्रत्येक वाफ्याला सहावा हिस्सा कमी मिळेल. घरच्या लोकांची शंका नेमकी हीच आहे आणि इथपर्यंत ती बरोबर आहे. दोन्ही निरोगी किडन्यांना मिळून मिनिटाला सव्वा लिटरच्या आत-बाहेर रक्त मिळतं, हे लक्षात घेतलं तर एक लिटरची वाट किती मोठी, ते कळतं. आठवड्याभरात त्या एका सांध्यातून गेलेलं रक्त दहा हजार लिटरच्या पाण्याच्या टँकरइतकं भरतं.

पण हृदय हट्टाने पाचवर थांबत नाही. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब-संवेदकांना दाब किंचित उतरल्याची चाहूल क्षणात लागते. मेंदू हृदयाला वेग आणि जोर वाढवायला सांगतो. शिवाय ओढ्याला जास्त पाणी आल्यामुळे पंपाकडे परतणारं रक्तही वाढलेलं असतं, आणि जास्त भरलेलं हृदय जास्त जोराने आकुंचन पावतं. हे किती झटपट होतं, याची खूण १८७५ मध्ये निकोलादोनी यांनी आणि १८९० मध्ये ब्रॅनहॅम यांनी नोंदवली होती. मोठा फिस्टुला बोटाने दाबून क्षणभर बंद केला की रक्तदाब चढतो आणि नाडी मंदावते. वाट बंद होताच शरीराला ते कळतं. (हा प्रयोग डॉक्टरांनी करायचा, घरी नाही. दाबून ठेवलेल्या फिस्टुलात गाठ होऊ शकते.)

४. दोन उलट निरोप

मज्जातंतूंचं उत्तर सेकंदांत येतं, संप्रेरकांचं तासांत आणि दिवसांत. पाटावर जसा पाणी वाटणारा पाटकरी असतो, तशा किडनीत गाळणीच्या तोंडाशी काही पेशी बसलेल्या असतात. त्यांना दाब कमी वाटला की त्या रेनिन सोडतात. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होतं, ते चाऱ्यांची तोंडं आवळतं आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉनचा निरोप एकच: मीठ धरून ठेवा. मिठामागून पाणी येतं, रक्ताचं आकारमान वाढतं, पाट पुन्हा भरतो. अमेरिकेत फ्रँकलिन एप्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ज्यांच्या अंगात धमनी आणि शीर जुळून गेल्या होत्या असे रुग्ण तपासले होते. ती वाट दाबून बंद केली की लघवीतून जाणारं सोडियम वाढत असे. म्हणजे वाट उघडी असेपर्यंत किडनी मीठ राखून बसलेली होती. एकूण रक्त भरपूर असतानाही धमन्यांच्या बाजूला ते अपुरं पडतंय, असा तिचा समज होता आणि तिच्या जागेवरून तो खराच होता.

दुसरा निरोप ओढ्याच्या बाजूने येतो. परतणाऱ्या जादा रक्ताने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. या कप्प्यांतून संप्रेरक निघतं, हे बराच काळ कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कॅनडातले अडॉल्फो द बोल्ड यांनी १९८१ मध्ये उंदरांच्या हृदयातल्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांच्या लघवीतून मीठ धो धो जाऊ लागलं. त्यातून एएनपी हे संप्रेरक हाती लागलं. त्याचं भावंड बीएनपी १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडलं, पण ते मुख्यतः हृदयच सोडतं. ही दोघं रेनिन-अल्डोस्टेरॉनच्या बरोबर उलट बोलतात: मीठ सोडा, वाहिन्या सैल करा. गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी एएनपीमुळे रुंदावते आणि रक्त बाहेर नेणारी आवळली जाते, त्यामुळे गाळण्याचा दाब वाढू शकतो. फिस्टुलानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातली ही हृदय-संप्रेरकं वाढतात, हे किडनीच्या रुग्णांवर केलेल्या मोजमापांत दिसलेलं आहे.

म्हणजे किडनीला एकाच वेळी दोन परस्परविरोधी निरोप मिळतात. धमनीची बाजू "धरून ठेव" म्हणते, हृदय "सोडून दे" म्हणतं. कोणाचं चालणार, ते वाट किती मोठी आणि हृदय किती तगडं यावर ठरतं. हृदय सहावा लिटर सहज देत असेल, तर दाब जेमतेम उतरतो, रेनिनला फारसं कारण उरत नाही आणि एएनपीचं पारडं जड होतं. हृदय आधीच थकलेलं असेल किंवा वाट फार मोठी असेल, तर पहिला निरोप जिंकतो: मीठ साचतं, पाय सुजतात, हृदय आणखी ताणलं जातं. त्याच ताणाने बीएनपी वाढत राहतं, पण किडनी त्याला दाद देईनाशी होते. म्हणून रिपोर्टवर वाढलेलं बीएनपी एकट्याने वाचू नये. ते शरीराचा बचावही दाखवतं आणि हृदयावरचा भारही. शिवाय किडनी कमजोर असली की ते रक्तातून कमी निघून जातं आणि तसंही वाढलेलंच दिसतं.

५. मग किडनीचं काय होतं?

आधी शेजाऱ्याच्या उदाहरणाचा निकाल लावू. फिस्टुला पिकायला दीड-दोन महिने लागतात, कधी जास्तही, आणि एखादा पहिल्या प्रयत्नात जमतच नाही. म्हणून पुढच्या काही महिन्यांत डायलिसिस लागेल असं दिसू लागलं, की डॉक्टर तो आधीच करायला सांगतात. ज्याची किडनी उताराला लागली आहे त्यालाच हे ऑपरेशन सांगितलं जातं, तेव्हा त्यानंतर काही महिन्यांत तो मशीनवर जाणं हे ऑपरेशनचं फळ ठरत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढंच. खरा प्रश्न असा विचारावा लागतो: फिस्टुलाआधी किडनीचा उतार जेवढा तीव्र होता, त्याहून नंतर तो तीव्र झाला का?

हा प्रश्न अमेरिकेत थॉमस गोल्पर आणि सहकाऱ्यांनी विचारला आणि २०१५ मध्ये उत्तर प्रसिद्ध केलं. उतार वाढण्याऐवजी मंदावलेला दिसला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्याच माजी सैनिकांच्या खूप मोठ्या नोंदींतूनही त्याच दिशेचं चित्र आलं. आधीपासून फिस्टुला असलेल्यांचा उतार किंचित सौम्य झाला होता, आणि ज्यांच्यावर आयत्या वेळी नळीने डायलिसिस सुरू करायची पाळी आली त्यांचा शेवटी झपाट्याने वाढला होता. यावरून फिस्टुला हेच किडनीचं औषध आहे असं म्हणायचा मोह होतो. त्याला कारणंही सुचवली गेली: दाब थोडा उतरतो, धमन्यांचा ताठरपणा कमी होतो, एएनपी गाळणीला हात देतं, हाताला रक्ताची किंचित चणचण भासल्याने इतर अवयव सावध होतात.

मला हा मोह आवरावासा वाटतो. किडनीचा उतार नेहमीच सरळ रेषेत नसतो. अनेकदा तो मध्येच वेगाने घसरतो आणि मग स्थिरावतो. डॉक्टर फिस्टुलाचा निर्णय बहुधा घसरगुंडीच्या काळात घेतात, तेव्हा त्यानंतरचा काळ आपोआपच बरा दिसतो. ताप सर्वांत चढला असताना औषध घेतलं की त्यानंतर तो उतरतोच, तसं. दुसरं, ज्यांची किडनी ऑपरेशननंतर लगेच गेली, ते डायलिसिसवर गेल्यामुळे "नंतरच्या" हिशोबात थोडाच काळ राहतात, आणि टिकलेल्यांचीच सरासरी जास्त मोजली जाते. तिसरं, किडनीची क्षमता बहुतेक वेळा क्रिएटिनिनवरून काढतात आणि क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. भूक मेलेल्या, खंगलेल्या रुग्णाचे स्नायू झडले तर आकडा सुधारल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात किडनी तिथेच असते. आणि माजी सैनिकांच्या नोंदींतली तुलना मुळातच विषम आहे, कारण ज्यांची किडनी अचानक कोसळली त्यांनाच आयत्या वेळी नळी बसते. फिस्टुला नसल्याने किडनी कोसळली की किडनी कोसळल्याने फिस्टुलाला वेळ मिळाला नाही, हे त्या आकड्यांतून सुटं करता येत नाही.

तरीही या आक्षेपांची धार एका ठिकाणी बोथट होते. ते "फिस्टुला किडनीला वाचवतो" हे विधान पाडतात, पण "फिस्टुला किडनीला घालवतो" या भीतीला त्यांतून आधार मिळत नाही. नेहमीच्या फिस्टुलाने मोठं नुकसान होत असतं, तर एवढ्या सगळ्या गोळाबेरजेत ते कुठेतरी डोकं वर काढतंच. ते काढत नाही. आणि भीतीपोटी ऑपरेशन टाळण्याची किंमत मात्र ठाऊक आहे. दम लागून रात्री रुग्णालय गाठायचं आणि मानेतल्या शिरेत नळी घालून डायलिसिस सुरू करायचं. बाहेर लोंबणाऱ्या त्या नळीवाटे रक्तात जंतू शिरण्याचा धोका फिस्टुलापेक्षा कितीतरी जास्त असतो.

६. वाट फार रुंद झाली तर

ही निर्धास्ती मनगटातल्या, बेताच्या प्रवाहाच्या फिस्टुलापुरती आहे. प्रयोगशाळेत उंदरांच्या पोटातली महाधमनी आणि तिच्या शेजारची महाशीर जोडून देतात, तेव्हा चित्र एकदम पालटतं: रेनिन आणि अल्डोस्टेरॉन चढतात, किडनीकडे जाणारं रक्त घटतं, मीठ साचतं आणि पुढे हृदय निकामी होऊ लागतं. हे प्रयोग वाचून कुणी घाबरत असेल तर आपलंच गणित पुन्हा करावं. एक लिटरऐवजी तीन लिटरची वाट काढली, तर दाब टिकवायला हृदयाला पाचाच्या जागी आठ लिटर द्यावे लागतील, आणि ते न जमल्यास दाब ६२ च्या घरात येईल. उंदराचा हा सांधा दुसऱ्या गटातला आहे. त्यातून दिशा कळते, मनगटाचं भविष्य कळत नाही.

मात्र माणसातही वाट रुंद होऊ शकते. कोपरावर केलेला फिस्टुला मोठ्या धमनीवर असतो, वर्षागणिक तो फुगत जातो आणि प्रवाह दीड-दोन लिटरवर पोहोचू शकतो. दोन लिटरच्या पुढे, किंवा हृदयाच्या एकूण कामाचा तिसरा हिस्सा फिस्टुलातच जाऊ लागला, तर हृदय थकण्याचा धोका ठळक होतो. तेव्हा उलट्या बाजूनेही किडनीला त्रास होतो. उजव्या बाजूचं हृदय तुंबलं की ओढ्याचं पाणी मागे फुगतं, किडनीच्या शिरांतला दाब वाढतो, आणि निचरा न होणाऱ्या वाफ्यात पीक कुजावं तशी गाळणी दबते. अशा फिस्टुलाचं तोंड शस्त्रक्रियेने आवळता येतं. चढावर किंवा उताणं झोपल्यावर नव्याने लागणारा दम, पायावरची वाढती सूज, फिस्टुलाच्या शिरेची डोळ्यांना दिसेल एवढी वाढ, यांतलं काहीही आढळलं तर सोनोग्राफीने प्रवाह मोजून घ्यावा आणि हृदयाची इको करावी.

उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर युरोपात झालेला एक प्रयोगही इथे बोलका आहे. किडनीचा आजार बाजूला ठेवून केवळ दाब उतरवण्यासाठी पोटाच्या तळाशी धमनी आणि शीर यांच्यात चार मिलिमीटरचा जोड बसवण्यात आला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सहा महिन्यांनी चोवीस तासांच्या मोजणीतला वरचा रक्तदाब सरासरी तेरा-चौदा अंशांनी उतरला होता. म्हणजे आपलं पाटाचं गणित खरं आहे. पण जोड बसवलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के रुग्णांत पुढची शीर अरुंद झाली आणि तिच्यावर उपचार करावे लागले.

७. किडनी बदलल्यावर वाट बुजवावी का?

फिस्टुला उघडल्याने काय होतं हे तपासण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे तो बंद केल्यावर काय होतं ते पाहणं. किडनी प्रत्यारोपण यशस्वी झालं की फिस्टुलाचं काम संपतं, पण हातातली थरथर चालूच राहते. ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या संशोधकांनी अशा रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाचा फिस्टुला बांधून टाकला, दुसऱ्याचा तसाच ठेवला. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत सहा महिन्यांनी पहिल्या गटात हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूचं वजन सरासरी बावीस ग्रॅमनी घटलं होतं, दुसऱ्यात ते जवळपास तेवढंच होतं. बीएनपीच्या कुळातलं संप्रेरकही पहिल्या गटात उतरलं. हृदय तो जादा लिटर मुकाट्याने ओढत होतं, याचा इतका थेट पुरावा दुसरा नाही.

नव्या किडनीच्या बाबतीत मात्र पुरावे एकमेकांशी भांडतात. स्लोव्हेनियातल्या २०१० च्या पाहणीत चालू फिस्टुला असलेल्यांची गाळणक्षमता कमी आढळली. बेल्जियममधल्या लिएज इथल्या २०१७ च्या पाहणीत उलट, फिस्टुला बंद केल्यानंतर प्रत्यारोपित किडनीचा उतार वाढलेला दिसला. दोन्ही पाहण्या झालेल्या गोष्टींच्या नोंदींवरून केलेल्या आहेत, आणि त्यांना तोच जुना आक्षेप लागू पडतो: कुणाचा फिस्टुला बंद करायचा हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. किडनी पुन्हा दगा देईल अशी शंका असलेल्याचा फिस्टुला डॉक्टर राखून ठेवतात, आणि हृदय दमलेल्याचा आधी बंद करतात. म्हणून आज सर्वांना लागू पडेल असा नियम नाही. प्रवाह सहाशे-सातशे मिलिलिटर आणि इको स्वच्छ असेल, तर फिस्टुला ठेवण्यात शहाणपण आहे, कारण प्रत्यारोपित किडनी आयुष्यभर पुरेलच असं नसतं आणि नवी शीर तयार करणं दर खेपेला अवघड होत जातं. प्रवाह दोन लिटर असेल, हृदयाची भिंत जाडावलेली असेल आणि नवी किडनी वर्षभर स्थिर असेल, तर तो बांधून टाकण्याविषयी सर्जनशी बोलायला हवं.